गाठीतला वास

त्या गाडीला नव्या गाडीचा वास सात वर्षं येत होता.

आपल्या लोकांना हा वास फार प्रिय. नवी गाडी दारात आली की चाकाखाली लिंबू चिरडायचं, बॉनेटवर स्वस्तिक काढायचं आणि सीटांवरचं प्लास्टिक मात्र वर्ष वर्ष काढायचं नाही, कोरेपणा जाईल म्हणून. गतिसखा कंपनीने आपलं हे वेड अचूक हेरलं होतं. त्यांच्या विनाचालक टॅक्सीत बसलं की गोडसर, रबरी, थोडा रॉकेलच्या अंगाने जाणारा वास यायचा आणि प्रवासी म्हणायचा, "अरे वा, कोरी गाडी दिसतेय." गाडी पाच वर्षांची असायची. वास उतरायला लागला की छतातल्या एका डबीतून तो पुन्हा सोडला जाई. कंपनीने त्याला नाव दिलं होतं, नवागंध.

माझे यजमान त्या वासात रोज अकरा तास बसत होते.

निरंजन पानगावकर त्यांचं नाव. आधी त्यांची स्वतःची शाळेची व्हॅन होती. सगळ्या खिडक्या उघड्या, आत सतरा मुलं, आणि हे पुढे बसून मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणायचे. मुलं मागून म्हणायची. सोलापुरातल्या आमच्या गल्लीला सकाळी घड्याळ लागत नसे. पाढा ऐकू आला की सव्वासात. मग शाळांनी विनाचालक बस घेतल्या आणि व्हॅन गेली. गतिसखाच्या गाड्याही आपल्या आपण चालत, पण कायद्याप्रमाणे पहिली दहा वर्षं प्रत्येक गाडीत एक माणूस हवा होता, काही अडचण आली तर लाल बटण दाबायला. त्याला 'सोबती' म्हणत. यांना वाटलं, गाडीशी नातं तरी राहील.

त्या गाड्यांच्या काचा खाली होत नसत. काच उघडली की गारवा जातो, बॅटरी लवकर उतरते, म्हणून बटणंच दिली नव्हती. प्रवासी नसला की एसी आपोआप बंद व्हायचा. सोबत्याने मात्र गाडी सोडायची नाही, असा नियम. सोलापूरचा एप्रिल ज्याने काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. स्टेशनबाहेरच्या उन्हात ती बंद पेटी, आणि आत माझा नवरा.

सातव्या वर्षी आवाज बसला. सर्दी समजून आम्ही काढे केले. मग गळा सुजला. थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आणि त्यात आवाजाची नस गेली. एकोणतीसचा पाढा म्हणणारा माणूस आता पाटीवर लिहून पाणी मागतो.

पुढचं औषध अगदी नवं होतं आणि ते कंपनीच्या आरोग्य योजनेतूनच मिळणार होतं. पण आजार कामामुळे झाला, असं ठरलं तर. ते ठरवायला लवाद बसला.

सुनावणी कलेक्टर कचेरीच्या आवारात, तिसऱ्या मजल्यावर होती. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई, शेजारी दोन सदस्य. कंपनीच्या बाजूने वकील तांबवेकर. हसतमुख माणूस, बोलणं तुपात घोळलेलं.

"वहिनी, मी तुम्हाला दोष देत नाही हं," ते म्हणाले. "आपण सगळेच श्रद्धाळू. पण हे जरा बघू या."

पडद्यावर मी होते.

गाडी रात्री आमच्या दारातच चार्जिंगला उभी असे. रोज पहाटे पूजा झाली की मी दोन उदबत्त्या घेऊन गाडीत जाई, पुढच्या सीटसमोर ओवाळी आणि हात जोडी. यांचा दिवस सुखरूप जावा, एवढंच मागणं. पडद्यावर माझे ओले केस पंच्यात गुंडाळलेले होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आतला कॅमेरा प्रवाशांच्या सुरक्षेसाठी आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. तांबवेकरांनी सात वर्षांच्या सकाळी एकापुढे एक जोडल्या होत्या. साड्या बदलत होत्या, केस पांढरे होत होते, उदबत्ती तीच. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"बंद गाडीत रोज दोन उदबत्त्या," तांबवेकर म्हणाले. "त्या धुरात काय काय असतं, याचा अहवाल जोडला आहे. आता हा धूर पानगावकरांच्या गळ्यात गेला नाही, तर गेला कुठे?"

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, काही म्हणायचं आहे का. मी मान हलवून नाही म्हणाले. चातुर्मास लागून आठ दिवस झाले होते. चातुर्मासात कुणाला टाकून बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही, हा माझा लग्नापासूनचा नेम. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी टाकून बोलण्याखेरीज माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

आमची मुलगी ओवी पुण्यात नर्सिंग शिकते. ती त्याच आठवड्यात घरी आली, ती अहवाल वाचूनच.

"आई, रागावू नकोस. पण उदबत्तीच्या धुरात बेंझिन असतं, हे काही खोटं नाहीये."

"बरं. मग?"

"मग काही नाही. तू मुद्दाम थोडीच केलंस?"

हे 'मुद्दाम थोडीच' मला पडद्यापेक्षा जास्त लागलं.

"सात वर्षांत एकदा तरी तुझे बाबा नको म्हणाले का?" मी विचारलं.

"तुला नको म्हणायची कुणाची टाप आहे? तू ओरडत नाहीस, आई. तू उपास धरतेस."

यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'तिला बोलू नकोस.' ओवीने वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात गेली. कुकरचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी उदबत्ती पेटवली नाही. काडेपेटी हातात घेऊन नुसतीच उभी राहिले. ज्याच्यासाठी ओवाळलं त्याच्याच गळ्यात आपण विष घातलं का, हा विचार आला की काडेपेटी परत ठेवून द्यायची. मी कंपनीवर चिडायला जायची आणि बोट आधी स्वतःकडे वळायचं. हीच तर त्यांची करामत होती. माणसाचा गळा घेतला आणि वर त्याच्या बायकोचा रागसुद्धा घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर हुमेरा बागवान आल्या. या इथल्या वस्त्रोद्योग महाविद्यालयात शिकवतात. वय असेल पस्तीस. सुनावणीला त्या मागे बसल्या होत्या. हसणाऱ्या माणसाला त्यांनीच गप्प बसवलं होतं.

"काकू, ती उदबत्ती मला पटली नाही," चहाचा कप हातात घेऊन त्या म्हणाल्या. "पण न पटून चालत नाही, मोजावं लागतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. गाडीच्या सीटांत जो फोम असतो तो जळू नये म्हणून त्यात आगरोधक रसायन घालतात. नियम जुना, लोक गाडीत सिगारेट ओढायचे त्या काळातला. हे रसायन फोमला चिकटलेलं नसतं. कणकेत मुरलेल्या मिठासारखं नाही, पापडावर भुरभुरलेल्या तिखटासारखं. ऊन लागलं की ते सुटून हवेत येतं. जितकी गाडी तापते तितकं जास्त. थंडीत येतं त्याच्या कितीतरी पट उन्हाळ्यात. गाडी गार झाली की ते काचेवर, कपड्यांवर, कातडीवर बसतं. वर्षानुवर्षं श्वासातून आत गेलं तर थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतं, असा संशय अनेक अभ्यासांत आहे.

"आणि तो नवागंध?" मी विचारलं.

"तो झाकण आहे, काकू. लोकांना आतला वास जुना, उग्र वाटायला लागला की त्याच्यावर कोरेपणाचं अत्तर." कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला त्या गाडीत वर्षभर राहिलेली एखादी वस्तू द्या. फोमचा तुकडा, सीटचं कव्हर, यांचा गणवेश, काहीही."

काहीच नव्हतं. यांचं ऑपरेशन झालं त्याच महिन्यात कंपनीने सोलापुरातल्या सगळ्या गाड्यांच्या सीटा बदलल्या होत्या. सुशोभीकरण म्हणून. गणवेश परत घेतले होते, नवे दिले होते. आम्हाला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

डॉक्टरबाई उठायला लागल्या. तेवढ्यात यांनी सदऱ्याची उजवी बाही वर सरकवली आणि दंडावर दोनदा टिचकी मारली.

दंडात अनंताचा दोरा होता.

आमच्याकडे अनंताचं व्रत आहे. भाद्रपदात अनंत चतुर्दशीला चौदा गाठींचा रेशमी दोरा पुजायचा, पुरुषाने उजव्या दंडात आणि बाईने डाव्या दंडात बांधायचा. आमच्या घरच्या रीतीने तो वर्षभर काढायचा नाही. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नर्सने त्यावर पट्टी गुंडाळली होती. पुढच्या वर्षी नवा बांधायचा आणि जुना पाण्यात सोडायचा. अशी चौदा वर्षं. आमचं हे चौदावं.

डॉक्टरबाई दोऱ्याकडे बघतच राहिल्या. "रेशीम," त्या हळूच म्हणाल्या. "रेशीम सगळं पिऊन ठेवतं. गाठीच्या आत तर साबणपाणीही पोचत नाही. काकू, जुने दोरे पाण्यात सोडलेत ना?"

मी खाली बघितलं. तेरा वर्षं जे फक्त देवाला सांगत होते ते आता बाहेर काढावं लागणार होतं.

"नाही सोडले. तळ्यात काही टाकायला बंदी आली, पाणी घाण होतं म्हणून. महापालिकेच्या हौदात देवाची वस्तू टाकायला मन होईना. पुढच्या वर्षी नदीवर जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं करत राहिलं. यांचे तेरा, माझे तेरा. देवघरामागे डब्यात आहेत. प्रत्येकाची वेगळी पुडी, त्यावर वर्ष."

डॉक्टरबाई पुन्हा खाली बसल्या. 

"म्हणजे व्हॅनची सात वर्षं आणि गतिसखाची सात," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "घर तेच, उदबत्ती तीच. आणि तुम्ही त्याच उदबत्तीच्या धुरात होतात, पण गाडीत दोन मिनिटांपलीकडे बसला नाहीत. असा प्रयोग मला ठरवूनही मांडता आला नसता."

"मग न्या की."

"एक अडचण आहे. वाचायचा म्हणजे दोरा तापवावा लागतो. तीनशे अंशांपर्यंत. आतलं जे असेल ते वाफ होऊन बाहेर येतं आणि यंत्र ते कणाकणाने तोलतं. दोरा उरत नाही. जळतो."

 व्रताची कथा दरवर्षी मीच वाचते. त्या कथेतल्या नवऱ्याने गर्वाने बायकोच्या हातातला दोरा तोडून आगीत टाकला, आणि त्याच्या घरादाराची राखरांगोळी झाली. चौदा वर्षं मी ते वाक्य वाचताना आवाज खाली आणत आले होते. आता अठ्ठावीस दोरे मला आपल्या हाताने आगीत द्यायचे होते.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवापुढे बसले. डबा उघडून पुड्या मांडल्या. डोळे मिटले तर पडद्यावरची मीच दिसायला लागले, पंचा गुंडाळलेली, आणि मागचं ते हसणं. प्रार्थना करावी तर तीही आता त्यांच्या कॅमेऱ्यातली वाटत होती. तेव्हा मात्र मी डोळे उघडले. त्या कथेतल्या माणसाने गर्वाने दोरा टाकला होता. मी रागाने टाकणार होते. देवाला फरक कळतो की नाही, माहीत नाही. पण माझा राग पहिल्यांदाच योग्य दिशेला तोंड करून उभा होता, आणि मी त्याला परत बसवणार नव्हते.

यांच्या दंडातला आणि माझ्या दंडातला दोरा मीच सोडला. यांनी पाटीवर लिहिलं, 'मीही येतो.' ओवी म्हणाली, "मी पण."

डॉक्टरबाईंच्या महाविद्यालयातलं ते धागावाचक यंत्र शिवणयंत्राएवढं होतं. त्याची भट्टी म्हणजे अंगुस्तानाएवढी वाटी. डॉक्टरबाईंनी माझ्या हातात चिमटा दिला.

"काकू, तुम्हीच ठेवा आत. तुमचे आहेत."

प्रत्येक दोऱ्याच्या गाठी एक एक करून कापून मी आत ठेवत गेले. पडद्यावर टेकड्यांसारखी रेघ उमटे. पहिलं वर्ष, यांचा दोरा आणि माझा दोरा: चंदन, कोळसा, घरातलं तेल, धूर. दोघांच्या टेकड्या सख्ख्या बहिणींसारख्या. दुसरं, तिसरं, चौथं, तशाच. सातव्यापर्यंत तेच.

आठव्या वर्षी यांच्या रेघेत नवं टोक उभं राहिलं.

"हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "क्लोरिन आणि फॉस्फरस एकाच रेणूत. उदबत्तीत हे कुणी घालत नाही. सीटच्या फोममध्ये घालतात."

नवव्या वर्षी ते टोक दुप्पट. बाराव्या वर्षी पडद्यावर मावेना, माप लहान करावं लागलं. यांनी हात लांब करून ते टोक बोटाने वरपर्यंत नेलं. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मग माझे नंतरचे दोरे आले. मला वाटलं होतं, माझी रेघ सपाट निघेल. नवव्या वर्षापासून तिच्यातही ते टोक होतं. लहान, पण होतं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काकू, यांचा गणवेश कोण धुवायचं?"

"मीच. हाताने. मशीनमध्ये कॉलरचा मळ निघत नाही."

 ओवीने नर्सच्या सवयीने माझ्या गळ्याला हात लावून पाहिला. मग तो हात तिने तिथेच ठेवला.

निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक सांगते, राग मानू नका. उदबत्तीचा धूरही काही चांगला नसतो. बंद जागेत नकोच."

मी राग मानला नाही. खरं असेल ते सगळंच ऐकायचं, आपल्याला सोयीचं तेवढंच नाही. तेव्हापासून मी देवाला फूल वाहते.

दुसरी सुनावणी भाद्रपदात लागली. डॉक्टरबाईंनी अठ्ठावीस रेघा मांडल्या. तांबवेकर हसतच उठले.

"हे सगळे दोरे एकाच डब्यात होते ना? मग एकाचं दुसऱ्याला लागलं असेल."

"तसं असतं तर पहिल्या सात वर्षांच्या दोऱ्यांनाही लागलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांत काही नाही."

तांबवेकर माझ्याकडे वळले. "वहिनी, शास्त्राप्रमाणे जुन्या दोऱ्याचं विसर्जन करायचं असतं. तुमच्यासारख्या नेमधर्माच्या बाईने ते तेरा वर्षं पुड्या बांधून, वर्षं लिहून जपले. कशासाठी? पुरावा करून ठेवायचा होता?"

मी उठून उभी राहिले. माझा आवाज मुळात लहान. अध्यक्षबाईंनी पंखा बंद करायला लावला.

"चूक झाली माझी," मी म्हणाले. "त्याची क्षमा मी दरवर्षी मागत आले. तळ्याचं पाणी घाण होऊ नये म्हणून सरकारने मला एक दोरा टाकू दिला नाही. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या गळ्यात काय सोडलंत, ते मात्र कुणी अडवलं नाही. वर सीटा बदलल्यात. कोणती वस्तू कधी फेकायची हे तुम्हाला कळत होतं, मला कळत नव्हतं, एवढाच आपल्या दोघांत फरक."

तांबवेकर कागद चाळू लागले. मी पुढे म्हणाले,

"आणि आणखी एक विचारू का? तुम्ही इथे गतिसखानेच येता. खाली उभी आहे गाडी. तुमच्या मनगटावर लाल दोरा आहे, तो कधीचा?"

"तुळजापूरचा आहे," ते सवयीने बोलून गेले. "झाली की दोन वर्षं."

"मग तो डॉक्टरबाईंना द्या. यंत्र इथून दहा मिनिटांवर आहे. मी खोटी असेन तर आत्ता कळेल."

 तांबवेकरांनी कोटाची बाही खाली ओढली, मनगट झाकेपर्यंत. अध्यक्षबाईंनी ते पाहिलं. टंकलेखकाने पाहिलं. मागे इतर गाड्यांवरचे सोबती बसले होते, त्यांनीही पाहिलं, आणि एकेकाने आपापल्या मनगटाकडे बघितलं. कुणाचा गंडा होता, कुणाची राखी होती, एकाच्या दंडात दर्ग्याचा ताईत.

निकाल लेखी आला. उदबत्तीचा मुद्दा वगळला. औषध ताबडतोब सुरू करावं. काढून टाकलेल्या सीटा कुठे आहेत ते कंपनीने सांगावं. उरलेल्या गाड्या तपासल्याशिवाय रस्त्यावर आणू नयेत. कंपनी अपिलात गेली. जाणारच होती. बाहेर तोवर सोबत्यांनी आपापले दोरे कापून पुड्या बांधायला सुरुवात केली होती, आणि ओवी त्यांच्यावर नावं आणि वर्षं घालत होती.

अनंत चतुर्दशीला व्रताचं उद्यापन केलं. घारगे केले, चौदा जणांना वाण दिलं, पहिलं डॉक्टरबाईंना. त्याच दिवशी टपालाने एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत एक लाल दोरा होता, कात्रीने कापलेला, आणि चिठ्ठी: 'कृपया वाचून घ्यावा. निकाल फक्त मला कळवावा.' खाली एक फोन नंबर होता. कुणाचा ते आम्हाला माहीत होतं. लवादाच्या प्रत्येक कागदावर कंपनीच्या वकिलाच्या नावापुढे तो छापलेला होता.

यांनी पाटी घेतली. 'माणूस घाबरलाय,' त्यांनी लिहिलं. थोडं थांबून खाली लिहिलं, 'वाचू दे बिचाऱ्याला.'

बिचारा. मी चिठ्ठी पुन्हा वाचली. फक्त मला. शहरातल्या इतर तीनशे सोबत्यांच्या फुफ्फुसात काय आहे ते कळू नये, म्हणून ज्याने माझ्या पूजेचा तमाशा केला, त्याला आपल्यापुरतं मात्र कळायला हवं होतं. गुपचूप.

चातुर्मास संपायला अजून दोन महिने होते, म्हणून मी टाकून काही लिहिलं नाही. त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं: 'डॉक्टरबाई दोरा जरूर वाचतील. अपिलाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. तोवर आपल्याजवळच असू द्यावा.'

पाकीट चिकटवण्याआधी मी दोरा नाकाशी नेला.

नव्या गाडीचा वास येत होता.